गावाला नाव देणारी सराई

आई-बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना ब्लू बेल इनमध्ये जेवायला नेलं. फिलाडेल्फियाच्या उपनगरातली ही सराई १७४३ची. साल ऐकून साताऱ्याचे आमचे बाबा खुर्चीत सरळच बसले, "म्हणजे आपल्याकडे शाहू महाराज होते तेव्हाची!"

गंमत म्हणजे इथे गावाचं नाव सराईला नाही, सराईचं नाव गावाला मिळालंय. पूर्वी या वस्तीला पिजनटाउन म्हणत, कबुतरांचे प्रचंड थवे उतरायचे म्हणून. १८४०च्या सुमारास ती ब्लू बेल झाली. (ती 'पॅसेंजर पिजन' जातीची कबुतरं १९१४मध्ये जगातूनच संपली.)

२०१४ साली ही सराई नव्या रूपात उघडली. अशा जुन्या जागा 'मॉडर्न अमेरिकन' रेस्टॉरंट झाल्या, की इथल्या वयस्कर मंडळींचा सूर ठरलेला असतो: पूर्वीची शांतता गेली, मेणबत्त्या गेल्या, आता नुसता बारचा कलकलाट.

मला हे अजिबात पटत नाही. सराई शांत होती कधी? समोरचा स्किपॅक पाइक हा मालाने भरलेल्या घोडागाड्यांचा रस्ता. घोड्याला चारा, गाडीवानाला बिअर, शहरातल्या बातम्या आणि भांडणं, हाच सराईचा धंदा. ऑक्टोबर १७७७मध्ये, स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांशी जर्मनटाउनची लढाई हरलेलं वॉशिंग्टनचं सैन्य याच व्हिटपेन भागात तळ देऊन होतं. ते काय मेणबत्तीच्या उजेडात कुजबुजत जेवले असतील? पांढरे टेबलक्लॉथ हीच मधली फॅशन. आजचा गोंगाट खरा जुना.

शिवाय पेनसिल्व्हेनियात दारूचे परवाने मोजूनमापून मिळतात, काउंटीतल्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागातल्या) ३००० माणसांमागे एक. म्हणून तर इथल्या कितीतरी चांगल्या हॉटेलांत आपली बाटली आपणच घेऊन जायची. जिथे बार चालतो, तिथे जुन्या दगडी भिंतींच्या डागडुजीचा खर्चही निघतो. नुसती ऐतिहासिक पाटी लावून छप्पर गळायचं थांबत नाही.

'मॉडर्न अमेरिकन' म्हणजे नक्की काय, हे बाबांना समजावताना मात्र माझी दमछाक झाली. एकाच कार्डावर बर्गर, कच्चा ट्यूना आणि इटालियन चीज. "म्हणजे आपलं मल्टिकुझिनच की," बाबांनी निकाल दिला.

आईने फक्त एवढंच विचारलं, "सराई म्हणतोस, मग झोपायची सोय कुठेय?"

नाही गं, म्हटलं. आता फक्त जेवायचं आणि घरी जायचं.