चांदीचं दाभण आणि पावणेपाचची बस

इंग्लंडमधल्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हाय शेरीफबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते तुरुंगाबाहेरच्या प्रतीक्षागृहात. हाय शेरीफ म्हणजे काउंटीतला राजाचा मानद प्रतिनिधी. पदाचा मखमली कोट नाही, तलवार नाही. साधा स्वेटर, गळ्यात पदाचा बिल्ला, आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून चार वर्षांच्या एका पोरीबरोबर चित्र रंगवणं चाललेलं. तिचा बाबा आत होता.

मी तिथे महिन्यातून दोन शनिवार चहा द्यायला जाते. बाईंनी त्या मुलीच्या आईला सहज विचारलं, "घरी कशा जाता?" ती म्हणाली, बस पावणेपाचला सुटते. भेट साडेचारपर्यंत असते, पण बाहेर पडून लॉकरमधलं सामान घेईपर्यंत पाच वाजतात. म्हणून अर्धा तास आधीच उठते. आम्हाला हे कितीतरी वर्षं माहीत होतं, पण सांगायचं कुणाला हे कळत नव्हतं. बाईंनी दोन महिन्यांत बसवाले, कौन्सिल आणि तुरुंगाचे अधिकारी यांना एका टेबलाशी बसवलं. हुकूम सोडायचा अधिकार त्यांना नाही. पण हाय शेरीफचं बोलावणं आलं की माणसं येतात. बस आता सव्वापाचला सुटते.

म्हणून इथे इंग्लंडमध्ये कुणी "हे शोभेचं पद बंद करा" म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं.

पद हजार वर्षांहून जुनं. शायर म्हणजे परगणा, रीव्ह म्हणजे राजाचा कारभारी, त्याचा झाला शेरीफ. करवसुली, चोर पकडणं, पुढे फाशीची अंमलबजावणीसुद्धा त्याच्याच गळ्यात. जुलूम इतका, की 1215च्या मॅग्ना कार्टा या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेत शेरीफांना आवर घालणारी कलमं घालावी लागली. रॉबिन हूडच्या गोष्टीत खलनायक नॉटिंगहॅमचा शेरीफच आहे. नंतर सैन्य गेलं, पोलीस वेगळे झाले, वसुली दुसऱ्यांकडे गेली. आज इंग्लंड आणि वेल्स मिळून 55 हाय शेरीफ आहेत, मुदत एक वर्ष. बहुतेकांची नेमणूक होते ती राजानं यादीतल्या नावापाशी चांदीच्या दाभणानं भोक पाडून. काम उरलं ते न्यायाधीशांची वास्तपुस्त करण्याचं, पोलीस, तुरुंग आणि स्वयंसेवकांच्या पाठीशी उभं राहण्याचं. मला हे उरलेलं कामच मोलाचं वाटतं.

आपल्याला हे पद अगदीच परकं नाही. इंग्रजांनीच ते मुंबईत आणलं, आपण त्याला नगरपाल म्हणतो. डॉ. भाऊ दाजी लाड 1869 आणि 1871 असे दोनदा शेरीफ होते. पुढे दिलीपकुमार झाले, सुनील गावसकर झाले. शहरानं आपल्या कर्तबगार माणसांना दिलेला तो मान.

इथे मात्र एक गोष्ट मला खटकते. हाय शेरीफला पगार नाही, आणि वर्षभराचा खर्चही ज्याचा त्यानं करायचा. सरकारी तिजोरीला तोशीस नाही, हे इथे अभिमानानं सांगतात. मला तोच या पदाचा दोष वाटतो. वर्षभर पदरमोड कोण करू शकतं? नर्स? बस ड्रायव्हर? प्रवासखर्च आणि बेताचा भत्ता दिला तर दार उघडेल, एवढं साधं आहे हे.

आमच्या प्रतीक्षागृहात एक निवृत्त बस ड्रायव्हर गेली अकरा वर्षं दर शनिवारी येतो. मागच्या मार्चमध्ये बाईंनी त्याला हाय शेरीफचं प्रशस्तिपत्र दिलं, तेही गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात त्या क्राउन कोर्टात, तलवार लावून, सगळ्या थाटात. त्या इमारतीत तो आधी एकदाच आला होता, मुलाला शिक्षा सुनावली त्या दिवशी. प्रशस्तिपत्र हातात घेऊन तो बराच वेळ त्याच दालनाच्या दाराशी उभा राहिला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "आज इथून मान वर करून बाहेर पडणार आहे."

दर 12 नोव्हेंबरला लंडनच्या न्यायालयात पुढच्या हाय शेरीफांची नावं वाचली जातात, बहुतेक काउंट्यांची प्रत्येकी तीन. त्या यादीत याच्यासारख्याचं नाव मला ऐकायचं आहे.