हँडलबार बदलूनही हात दुखतात, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. टूरिंगच्या बाइकला आमच्याकडून उंच हँडल बसवलंत, आणि आता चार-पाच तास चालवलं की करंगळी न् शेजारचं बोट बधिर होतं, खांदे भरून येतात, शिवाय हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की आरपीएम आपोआप चढतो असं लिहिलंय. चूक आमची आहे.

आधी आरपीएमचं, कारण ते धोक्याचं आहे. हँडल उंच झालं की थ्रॉटल केबल कमी पडते, हँडल लॉकपर्यंत नेलं की ती ताणली जाते आणि थ्रॉटल स्वतःहून उघडतो, यू-टर्न घेताना असं झालं तर गाडी पुढे उसळेल. आम्ही लांब केबल टाकायला हवी होती, निदान इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे फिरवून बघायला तरी हवं होतं, ते राहिलं. ब्रेकचा होजही ताणलेला असू शकतो म्हणून प्लीज तोवर गाडी चालवू नका, आम्ही येऊन उचलून नेतो.

आता हातांचं. जुन्या हँडलवर वाकून बसावं लागतं असं तुम्ही म्हणाला होतात, आणि आम्ही नुसती उंची बघितली. हँडल आपल्याकडे किती येतं आणि ग्रिप मागे कुठल्या अँगलला वळल्यात यावर मनगट सरळ राहणार की वाकडं ते ठरतं, वाकडं राहिलं की तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूवर भार येतो, तिथून अल्नर नर्व्ह जाते आणि ती दाबली की नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात. हात गरजेपेक्षा वर गेले की खांदेही दिवसभर उचललेलेच राहतात. 22 मिमीचं हँडल क्लॅम्पमध्ये बसतंय एवढं बघून आम्ही मोकळे झालो, तुम्हाला गाडीवर बसवून बघितलंच नाही. त्यात जुने बार-एंड वेट, म्हणजे थरथर कमी करायला हँडलच्या टोकांना लावतात ती वजनं, नव्या पाइपात बसेनात म्हणून लावलीच नाहीत, त्यानेही व्हायब्रेशन वाढलं असणार.

माल हलका दिला असं लिहिलंय ते मात्र पटत नाही, पाइप चांगला आहे, तुमच्यासाठी निवडला चुकीचा.

याल तेव्हा रायडिंग जॅकेट आणि ग्लोव्ह्ज घालून या. गाडीवर बसून डोळे मिटून हात पुढे करायचे, ते सहज जिथे जातील तिथे ग्रिप आणू, मग लिव्हरचा अँगल. मला वाटतं मूळ हँडल आणि 20-30 मिमीचे रायझर (हँडल वर उचलणारे तुकडे) एवढ्यात काम होईल. मजुरी नाही, आणि उंच हँडलचे पैसे परत. जुनं हँडल टाकून दिलं नसेल तर तेवढं सोबत आणा.