मलायातल्या ‘नव्या गावां’चे दिवे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मलायातल्या, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातल्या आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पातल्या, नव्या गावांवरच्या माझ्या लेखात फक्त काटेरी तारा दिसतात. इंग्रजांनी तिथे वीज, नळ, शाळा दिल्या आणि तेव्हा आपल्याकडच्या खेड्यांत कंदीलच होते, हे मी सोयीस्करपणे गाळलं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर सविस्तर बोलायला हवं.

वीज आली हे खरंच. पण आधी कुठे आली? १९५० साली इंग्रज सेनाधिकारी ब्रिग्ज यांची योजना सुरू झाली आणि जंगलाच्या कडेला शेती करणाऱ्या चिनी कुटुंबांना उचलून कुंपणाच्या आत वसवलं जाऊ लागलं. १९५४ पर्यंत अशी सुमारे ४८० गावं झाली, त्यांत पाचेक लाख माणसं. कम्युनिस्ट बंडखोरांना तांदूळ, औषधं, बातम्या मिळू नयेत, हा उघड हेतू. त्यामुळे दिव्यांचा पहिला मान कुंपणाला. रात्री तारेपलीकडे कोणी पुडकं टाकतंय का, हे पहारेकऱ्याला दिसायला हवं होतं. कित्येक गावांत त्या वेळी घरात रॉकेलच जळत होतं.

याच बंदोबस्तात दुकानदाराला डबाबंद अन्न विकताना डब्याला भोक पाडून द्यावं लागे, म्हणजे ते साठवता येऊ नये. काही ठिकाणी तर घरी चूल पेटवून भात करायचीही मुभा नव्हती. भात एका जागी शिजवून वाटायचे, कारण तिथल्या उकाड्यात शिजलेला भात टिकत नाही. पहाटे रबराचा चीक काढायला निघालेल्या बायाबापड्यांची फाटकावर झडती व्हायची. कुंपणावरचे दिवे मी या सगळ्यापासून वेगळे कसे काढू?

१९५२ मध्ये मलायाचा ब्रिटिश हायकमिशनर म्हणून टेम्पलर आल्यावर सोयींचा जोर वाढला, शेजारच्या मलय गावांना त्याचा हेवाही वाटला. इथवर तुमचं म्हणणं मान्य. पण याच टेम्पलरनं त्याच वर्षी मार्चमध्ये तांजोंग मालिम या छोट्या शहरावर रोज २२ तासांची संचारबंदी लादली आणि लोकांचा तांदळाचा शिधा कापला. सोयी देणारा हात तोच होता.

आणि आपल्याकडचं काढलंतच म्हणून सांगतो. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, वीज मुंबईला गेली. तिथेही सरकार इंग्रजांचंच होतं.

पुढे घराघरांत बल्ब लागले, तेव्हा लोकांना बरंच वाटलं असणार. पण ते आधी कोणासाठी लागले, हे लिहूच नये असं तुमचं म्हणणं असेल, तर ते मला मान्य नाही.