अकरा वेळा इंदूर, एकदाही राजवाडा नाही

आज सकाळी पोहे भिजवता भिजवता आपल्या नाटकाच्या ग्रुपवर नजर गेली आणि डोकंच फिरलं. मुंबईहून इंदुरात आलेल्या नाटकमंडळींचा कालचा दुपारी तीनचा प्रयोग पाऊण तास उशिरा सुरू झाला म्हणून लोकांनी काय वाट्टेल ते लिहिलंय. "मुंबईवाल्यांना आपली किंमत नाही." "पैसे परत करा." एकाने तर विचारलंय, "ही मंडळी झोपा काढत होती का?"

सेटचा ट्रक रात्रभर सेंधव्याच्या घाटात अडकून पडला होता. पुढे एक ट्रेलर आडवा झालेला. सकाळी आठला यायचा तो साडेबाराला पोचला. एरवी सेट लावून लाइट बांधायला चार-पाच तास लागतात. काल पावणेचारला तिसरी घंटा झाली! मी चहाची किटली घेऊन विंगेतच उभी होते. एका पोराच्या तळहाताला फळीची फाक लागून रक्त आलं, त्याने चिंधी गुंडाळली आणि पुढचा खिळा ठोकला.

बरं, महूहून आलेल्या आजींची परतीची बस चुकली, हे खरं आहे. उशीर होणार हे आपण माइकवरून आधी सांगायला हवं होतं, तेही मान्य. पण "झोपा काढत होती"?

मला ते कपडेपटवाले काका आठवतात. सहा-सात वर्षं झाली असतील. रविवारचा शेवटचा प्रयोग सुटला, नटमंडळींना शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. मी डबा घेऊन मागे गेले, तर काका एकटेच नऊवारीच्या घड्या घालत बसले होते. काठाला काठ जुळवून, तळहाताने दाबून. म्हणाले, "ताई, ठेवा तिथे, पेटी भरली की जेवतो." मी सहज विचारलं, इंदूर आवडलं का? तर म्हणाले, "अकराव्यांदा आलोय. राजवाडा काही बघायचा झाला नाही अजून."

अकरा वेळा! बस थिएटरच्या मागे लागते, ट्रक भरला की तिथूनच परत. मी म्हटलं, काका, चला ना, सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार उघडा आहे, राजवाडा तिथेच आहे. त्यांनी ट्रककडे बघितलं आणि दुसरी पेटी ओढली.

आपण इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकवलं म्हणून छाती काढून सांगतो. कुणाच्या जिवावर? घरी पोरांशी हिंदीत बोलतो आपण. नवं मराठी वाक्य कानावर पडतं ते सहाशेच्या आसपास किलोमीटर रस्ता तुडवून ही माणसं येतात म्हणून. आपलं नाटक चाललंय ते असंच. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, आणि 1853 मध्ये मंडळी मुंबईला जाऊन प्रयोग करून आली. त्या साली रेल्वे सुरू झाली ती बोरीबंदर ते ठाणे एवढीच. सांगलीहून कशी गेली असतील, बायका-पोरं मागे ठेवून, सामानाच्या पेट्या सांभाळत?

आणि पेट्या अजून तशाच आहेत. प्रयोग झाला तर नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, मिळते, रद्द झाला तर हात हलवत घरी. काल तो ट्रक पोचला नसता तर आपले पैसे परत मिळाले असते. त्या चिंधी गुंडाळलेल्या पोराला काय मिळालं असतं?

जाऊ दे. चिडून लिहिलंय, कुणाला लागलं असेल तर लागू दे, पण मनात राग नाही.

काल त्याच पोराला काकांबद्दल विचारलं. म्हणाला, ते आता दौऱ्यावर येत नाहीत, गुडघे गेले. म्हणजे राजवाडा राहिलाच. त्या रात्री मी हात धरून नेलं असतं तर अर्धा तास गेला असता, फार तर. मलाच सुचलं नाही. त्याआधी मीच पेट्या भरायला मदत करायला हवी होती.

आज रात्री साडेसातचा शेवटचा प्रयोग आहे. व्यवस्थापकांशी बोलून ठेवलंय, बस पहाटे सुटेल. ट्रक भरून साडेबारा होतील, तोवर सराफा चालू असतो. पडद्यामागची चौदा माणसं आहेत. माझ्या गाडीत पाच बसतील. अजून दोन गाड्या हव्यात, आणि पेट्या उचलायला चार-पाच जण. कोण येतंय?