नुसतं लावून देऊन भागत नाही
कार्टून आणि गाणी लावून दिली की मुलं आपोआप इंग्रजी शिकतात, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं अर्धंच पटलं. बाळं भाषा कशी शिकतात याच्या संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवरचा प्रयोग बघा. काही बाळांशी माणसं समोर बसून मँडरिन (चिनी भाषा) बोलली, खेळली. काहींना तेच व्हिडिओवर दाखवलं. पहिल्या गटाला त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता आले, व्हिडिओवाल्यांना नाही.

मोठ्या मुलांचं वेगळं. चार-पाच वर्षांचं मूल गोष्टीच्या ओघात शब्द उचलतं, एकच भाग पुन्हा पुन्हा बघतं (वैतागतो आपण, ते नाही!). गाण्यांबद्दल मात्र सहमत. चाल आणि यमकामुळे अख्खं वाक्य जिभेवर बसतं, हातवारे केले तर अर्थही लागतो. तरी शेजारी बसून ‘आता हा काय करेल?’ असं इंग्रजीत विचारणारं कुणी हवंच, नाहीतर गाणं तोंडपाठ आणि साधं पाणी मागता येत नाही.

आणि जागतिक आरोग्य संघटनेने २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त १ तास सांगितली आहे, तिचा उल्लेख लेखात हवा होता.