‘गुण्यागोविंदाने’ हा शब्द मागे घेतो

सप्रेम नमस्कार,

स्पेनमधल्या टोलेडो शहरावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. वाचणाऱ्यांसाठी तिचा सारांश: ‘मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती इथे शतकानुशतकं गुण्यागोविंदाने नांदले’ हे वाक्य मी पर्यटन खात्याच्या पत्रकातून उचललं, मशिदीच्या जागी कॅथेड्रल झालं, ज्यूंना देशाबाहेर काढलं, यातलं अवाक्षर लेखात नाही, माद्रिदहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याने इतिहास सांगायला बसू नये, आणि ‘तीन संस्कृतींचं शहर’ ही निव्वळ थाप आहे. शिवाय मझापान या मिठाईवर दोन परिच्छेद कशाला, हा जाता जाता टोमणा.

पहिलं सपशेल कबूल. तो शब्द आयता हाताशी होता, लिहिला गेला. मशिदीचंच घ्या. १०८५ मध्ये कास्तिलचा ख्रिस्ती राजा सहावा अल्फोन्सो याने मुसलमानांकडून शहर घेतलं तेव्हा मोठी मशीद मुसलमानांकडेच राहील असं वचन दिलं होतं. पुढे राजा बाहेर असताना राणीने आणि आर्चबिशपने ती परस्पर ताब्यात घेतली, असं जुनी इतिवृत्तं सांगतात. राजा संतापून परतला, तेव्हा मुसलमानांच्या फकिहानेच, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितानेच, मध्ये पडून त्या दोघांना माफी मिळवून दिली म्हणे. या फकिहाचा पुतळा आज कॅथेड्रलमध्ये, मुख्य वेदीच्या दालनात आहे. मी तिथे उभा होतो आणि कुणीतरी संत असेल असं समजून पुढे सरकलो. तो कोण हे घरी आल्यावर कळलं. म्हणजे एका दिवसाबद्दलचं तुमचं म्हणणंही खरंच.

ज्यूंच्या बाबतीत तर तुम्ही १४९२ च्या हकालपट्टीवरच थांबलात. त्याच्या शंभर वर्षं आधी, १३९१ मध्ये, इथल्या ज्यू वस्तीत कत्तल झाली होती. आणि १४४९ मध्ये करावरून दंगल पेटली, तेव्हा बंडखोरांनी ठराव केला की ज्यू घराण्यातून ख्रिस्ती झालेल्यांना नगराची पदं द्यायची नाहीत. त्यांचं म्हणणं, बाप्तिस्मा झाला म्हणून रक्त थोडंच बदलतं! स्पेनमध्ये पुढे बोकाळलेल्या ‘रक्तशुद्धी’च्या नियमांची सुरुवात या ठरावापासून धरतात.

पण ‘थाप’ हा शब्द काही पचत नाही.

एल त्रान्सितो या सिनेगॉगमध्ये गेलात तर घाई करू नका. बाहेरून विटांची साधी इमारत. आत उंच लाकडी छत आणि त्याखाली भिंतभर गिलाव्याचं नक्षीकाम. आधी सगळी वेलबुट्टीच वाटते. मान दुखेपर्यंत बघत राहिलं की एकेक गोष्ट सुटी होत जाते: हिब्रू अक्षरांच्या लांब ओळी, कास्तिल-लिऑनच्या राजचिन्हातले किल्ले आणि सिंह, आणि पानाफुलांत गुंतलेली अरबी अक्षरं. ज्यूंच्या प्रार्थनागृहात, ख्रिस्ती राजाच्या राज्यात, अरबी! चौदाव्या शतकात ते बांधून घेतलं राजा पेद्रोच्या खजिनदाराने, सामुएल हा-लेवीने. थोड्याच वर्षांत त्याच राजाने त्याला कैदेत टाकलं आणि छळात त्याचा जीव गेला. आता सांगा, भिंत खोटी की कैद खोटी?

भाषांतरांचंही तसंच. ‘टोलेडोची अनुवादशाळा’ असं आपण म्हणतो, पण पाटी लावलेली शाळा वगैरे काही नव्हती. ते नाव कितीतरी नंतरचं. होती ती माणसांची गरज. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा खगोलशास्त्राचा ग्रंथ मिळेल म्हणून इथे आला आणि जन्मभर राहिला. अरबी जाणणारा ज्यू किंवा स्थानिक ख्रिस्ती माणूस मजकूर बोलीभाषेत सांगायचा, पाद्री तो लॅटिनमध्ये उतरवायचा. इब्न सिना या मुस्लिम तत्त्वज्ञाचा आत्म्यावरचा ग्रंथ असाच, एका ज्यू पंडिताने आणि एका पाद्र्याने मिळून लॅटिनमध्ये नेला. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं की नाही कोण जाणे. काम अडलं होतं, एवढं खरं.

आपला धागाही यात आहे, तो लेखात आणला नाही याची मलाच चुटपुट लागली. १०६८ मध्ये टोलेडोचा काझी साइद अल-अंदलुसी याने विद्या जोपासणाऱ्या राष्ट्रांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात पहिला मान हिंदुस्थानला दिला. आणि आपल्या गणितातली, त्रिकोणमितीतली ‘ज्या’ किंवा ‘जीवा’? अरबीत ती ‘जीब’ झाली. तिथे स्वर लिहीत नाहीत, म्हणून कुणीतरी ते ‘जैब’ वाचलं, म्हणजे कपड्याचा घोळ, खिसा. हिंदीतला ‘जेब’ तोच. बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरांत त्याचा शब्दशः ‘सिनुस’ झाला आणि दहावीच्या पुस्तकात आपण ‘साइन थीटा’ घोकत बसलो.

तर ते वाक्य मी लेखातून काढलंय आणि तिथे तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय. मझापानचे दोन्ही परिच्छेद मात्र राहणार. मठाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट असतं. त्यात पैसे ठेवायचे, पलीकडून कुणीतरी ते फिरवतं, आणि बदाम-साखरेच्या त्या मिठाईची पेटी समोर येते. पलीकडच्या ननचा चेहरा दिसत नाही, फक्त ‘ग्रासियास’ ऐकू येतं. पेटी माद्रिदच्या गाडीतच संपली.