‘पाणी जास्त’ कोडबद्दलच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की डिशवॉशर ‘पाणी जास्त’चा कोड दाखवून मध्येच थांबायचा, आमचा मेकॅनिक आला, एकही पार्ट न बदलता ४०० रुपये घेऊन गेला आणि आठवड्याच्या आत तोच कोड परत. मग दुसऱ्या कुणी बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय म्हणून साडेआठ हजार सांगितले. राग येणं साहजिक आहे. पण त्या दिवशी काय तपासलं ते रिव्ह्यूत आलं नाही, म्हणून इथेच सांगतो. आणि कृपा करून बोर्डाची घाई करू नका.

हा कोड ‘अमुक पार्ट खराब’ असं सांगत नाही. टबातलं पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं, किंवा मशीनखालच्या ट्रेमध्ये पाणी उतरलं, एवढंच त्याला कळतं. बऱ्याच मशीनमध्ये त्या ट्रेत थर्माकोलचा फ्लोट असतो. थोडं पाणी साचलं तरी तो उचलला जातो, स्विच दाबलं जातं आणि मशीन सगळं सोडून नुसता ड्रेन पंप (पाणी बाहेर टाकणारा) चालवत बसतं. पाणी आलं कुठून, हे माणसानेच शोधायचं.

सोलापुरात आमचा पहिला संशय इनलेट व्हॉल्व्हवर, म्हणजे नळाचं पाणी मशीनमध्ये सोडणाऱ्या झडपेवर असतो. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी टाक्या. उन्हाळ्यात वर टँकर नाहीतर बोअर. टाकीचा गाळ पाइपात उतरतो आणि त्यातला एखादा कण व्हॉल्व्हच्या रबरावर अडकला की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. चाचणी सोपी आहे. मशीन भिंतीवरच्या बटणाने बंद करायचं, नळ चालूच ठेवायचा. तरी टबात पाणी चढलं तर दोष व्हॉल्व्हचा, कारण वीजच नसताना बोर्ड काय पाणी घेणार? तुमच्याकडे पाणी चढलं नाही. खालची पट्टी काढून ट्रे पाहिला, तो कोरडा ठणठणीत. टबातल्या फ्लोटखाली शेंगाच्या कुटाचा लगदा होता, तो काढला. (गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे येऊन गेले की हा लगदा आम्हाला बऱ्याच घरी सापडतो. चटणीची ताटं मशीनमध्ये लावण्याआधी नुसती पुसून घेतली तरी पुरे.)

खरं कारण दिसलं ते टबातल्या पाण्यात. त्यात चहाचा चोथा तरंगत होता. चहाचं पातेलं आणि गाळणी हातानेच घासता, हे तुम्हीच सांगितलंत. मग चोथा मशीनमध्ये आला कुठून? सिंकमधून. मशीनचा ड्रेन पाइप ट्रॉलीमागे फरशीवर आडवा पडलाय आणि सिंकच्या खालच्या पाइपला जोडलाय. तो खालचा पाइप निम्मा तुंबलेला. सिंकमध्ये एकदम पाणी सोडलं की ते पुढे न जाता मागे मशीनकडे वळतं. मशीन आपलं मोजून पाणी घेतं, त्यात हे आगंतुक पाणी आलं की पातळी ओलांडणारच. मेकॅनिकने सिंक भरून बूच काढलं आणि टबात पाणी चढताना तुम्हाला दाखवलं होतं.

उपाय दोनच: सिंकचा पाइप साफ करणं आणि ड्रेन पाइप ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत उंच चढवून क्लॅम्प मारणं. त्यासाठी ट्रॉली काढावी लागत होती आणि ‘सुताराला विचारून कळवते’ असं तुम्ही म्हणालात. जॉबशीटवर हे लिहिलेलं आहे, खाली तुमची सही आहे. ते काम अजून झालेलं नसेल तर कोड परत येणं अटळ होतं.

४०० रुपये व्हिजिट चार्ज आहे, बुकिंगच्या वेळी फोनवर सांगितलेला. त्या दिवशी एखादा पार्ट बदलला असता तर कदाचित चार स्टार मिळाले असते, पण चोथा यायचा थांबला नसता.

बोर्ड कधीच जात नाही असं मी म्हणणार नाही. बोर्डावरचा रिले (व्हॉल्व्हचा करंट चालू-बंद करणारं स्विच) चिकटला तर व्हॉल्व्हला करंट मिळतच राहतो आणि टब भरत जातो. पण ते पाणी नळाचं, स्वच्छ असतं आणि भिंतीवरचं बटण बंद करताच थांबतं. बोर्ड गेलाय म्हणणाऱ्यांनी हे बघितलं का, तेवढं त्यांना विचारा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक. कोड आला आणि पंप थांबेना, तर आधी नळ बंद करा, मग वीज. मशीन तिरकं करून खालचं पाणी काढायचा जुगाड व्हिडिओत सर्रास दाखवतात. त्याने कोड जातो, गळती राहते, आणि ती वायरिंगच्या शेजारीच असते. आमचं त्याला कधीच समर्थन नाही. भांडी घासायचं साधं लिक्विडही मशीनमध्ये टाकू नका. फेसानेसुद्धा हाच कोड येतो.

ताई, पाइपचं काम झालं की दुकानात फोन करा. त्याच तक्रारीसाठी परत येण्याचा चार्ज आम्ही लावत नाही. फक्त टाकीत पाणी असेल असा दिवस सांगा, कोरड्या नळावर यातली एकही चाचणी होत नाही.